टाळ्यांचं वाक्य

पाहुण्यांचा परिचय करून देण्याचं काम मी तीस-बत्तीस वर्षं केलं आणि आता मला त्याचा वीट आला आहे. शिरूरला मी मराठी शिकवायचो. आवाज बरा होता आणि माईकसमोर पाय लटपटत नसत, एवढ्या भांडवलावर आख्ख्या तालुक्यानं मला धरून ठेवलं. वाचनालयाचा वर्धापनदिन असो, पतसंस्थेची सभा असो, दहावीच्या मुलांचा गुणगौरव असो की कुणाची एकसष्टी, स्वागतगीत संपलं की सूत्रसंचालक माझ्याकडे बघायचा आणि मी खिशातून कागद काढायचो. कागद नावालाच, कारण आतला मजकूर ठरलेला. पाहुण्यांचा जन्म अत्यंत गरीब कुटुंबात झालेला असायचा, मग ते बागायतदाराच्या घरचे का असेनात. प्रतिकूल परिस्थितीवर त्यांनी मात केलेली असायची. मी बोलायला लागलो की आवरत नाही, अशी लोकांची तक्रार होती. एका पाहुण्यानं तर उठून सांगितलं, की सरांनी माझ्याबद्दल इतकं सांगितलंय की मला आता फक्त आभार मानायचे उरलेत. लोक हसले, मीही हसलो, आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही.

या कामातली खरी गोम टाळीत असते. टाळी पहिल्या रांगेतून कधीच येत नाही. तिथले लोक स्वतःच्या सत्काराची वाट बघत असतात. टाळी मागून यावी लागते. मागच्या रांगेतल्या एकानं वाजवली की सगळा हॉल वाजवतो. ती एक टाळी यावी म्हणून वाक्य कुठं तोडायचं, आवाज कुठं चढवायचा, कुठं घोटभर थांबायचं, हे मला उत्तम कळायचं. मी तिच्यासाठीच बोलायचो. हे लिहिताना लाज वाटते, पण आता खोटं लिहायचंही त्राण उरलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात दौंडच्या एका कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन आला, तेव्हा मी गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसलो होतो. हे प्राचार्य माझे जुने विद्यार्थी. निबंधात माझी वाक्यं मलाच लिहून दाखवायचे.

"सर, आमच्याकडे युवक सप्ताह आहे. प्रमुख वक्ते म्हणून गिर्यारोहक येतायत. आपले कवठे येमाईचे. हिमालयातून जिवंत परत आले ते."

मी गुडघ्यावरची पिशवी उचलून बाजूला ठेवली.

"त्यांनी एकच अट घातलीय, सर. मानधन नको म्हणाले, गाडी नको म्हणाले. फक्त परिचय शिरूरच्या सरांनी करून द्यायचा. म्हणजे तुम्हीच."

मी म्हणालो, बघतो. तब्येत बरी नाही, एवढंही जोडलं. प्राचार्यांनी दुसरं वाक्य ऐकलंच नसावं. संध्याकाळपर्यंत माझं नाव छापलेली पत्रिका व्हॉट्सॲपवर आली. बायको म्हणाली, "नाही म्हणायला कधी शिकणार तुम्ही?" तिला वाटलं, मी गुडघ्यामुळे कुरकुरतोय. खरं कारण मी तिलाही सांगितलेलं नव्हतं.

ते कारण पाच वर्षांपूर्वीचं. तेव्हा दोन पोरं हिमालयातल्या एका शिखरावर निघाली होती. एक हा, कवठे येमाईचा. त्याचे आजे-पणजे मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालत जायचे. बाप मात्र एका जागी बसला, कांदा-ज्वारी करू लागला. दुसरा दौंडचा. त्याचा बाप रेल्वेत गँगमन होता, रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत. दोघांची गाठ पाबळला वेल्डिंग-फॅब्रिकेशन शिकताना पडली. पुढे सणसवाडीत एकाच कंपनीत लागले, एकाच खोलीत भाड्यानं राहिले आणि सुट्टीच्या वारी गडकिल्ले चढत सुटले. त्यातून त्यांना मोठ्या डोंगराचं वेड लागलं.

आमच्याकडे माणूस नुसता निघाला तरी त्याचा सत्कार करतात. पोचेपर्यंत थांबायचा कुणाला धीर नसतो. परीक्षेला बसणाऱ्याचाही फ्लेक्स लागतो. त्यामुळे या दोघांचा निरोप समारंभ शिरूरला ठेवला. फेटे बांधले, शाली दिल्या, आणि दोघांचा परिचय अर्थातच मी करून दिला. मला डोंगरातलं ओ की ठो कळत नव्हतं. शिवनेरीसुद्धा मी अर्ध्यावर दोनदा बसल्याशिवाय चढलेलो नाही. पण दोघं एका दोराला बांधून चढतात हे कुणीतरी सांगितलं होतं आणि शेवटाला मला एक वाक्य सुचलं. मी आवाज चढवून म्हणालो, "एका दोराला बांधून जाताय, एका दोराला बांधलेलेच परत या! एकट्यानं परत येणाऱ्यानं या गावाला तोंड दाखवू नये!"

मागून कुठून तरी पहिली टाळी आली आणि मग सगळा हॉल कडाडला. तशा टाळ्या मला त्याआधी मिळाल्या नव्हत्या आणि नंतरही मिळाल्या नाहीत. दोघं पोरं पाया पडायला आली. दौंडचा होता तो मिस्कील. वाकल्या वाकल्या हळूच म्हणाला, "सर, टाळ्या लई घेतल्या राव!" मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

महिन्याभरानं कवठ्याचा एकटाच परत आला. दोन्ही हातांची मिळून सहा बोटं बर्फात गेली होती.

दौंडला सांत्वनाला सगळे गेले. मी गेलो नाही. सर्दी-ताप झाल्याचं सांगितलं. माझं ते वाक्य कुणाला आठवत होतं की नाही, ठाऊक नाही. मला कुणी काही म्हणालं नाही. पण हा पोरगा त्यानंतर शिरूरला फिरकला नाही. कवठ्याला आई-बापाकडे गेला तरी बाहेरच्या बाहेर जायचा असं ऐकू यायचं. कंपनीनं त्याला हाताचं काम सोडवून स्टोअरमध्ये बसवलं. तो सणसवाडीतच त्या जुन्या खोलीत राहिला आणि नाशिक, सातारा, कोल्हापूर अशा लांबच्या गावी व्याख्यानं देऊ लागला. मी एकदा त्याला सणसवाडीच्या चौकात पाहिलं. माझी बस थांबली होती, तो दुकानासमोर उभा राहून अंडी घेत होता. पिशवी मनगटात अडकवलेली होती. त्यानं वर पाहिलं. मी वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरलं. बस हलेपर्यंत ते तसंच धरून बसलो, आणि ते कालचं होतं.

आता तोच माणूस मला बोलावत होता. कशासाठी, हे कळत नव्हतं. माझ्या मनात एकच यायचं: स्टेजवर उभा राहून हा ते वाक्य सगळ्यांसमोर माझ्या तोंडावर मारणार.

प्राचार्यांनी पाठवलेली त्याची माहिती पानभर होती. जन्म, शिक्षण, चढलेली शिखरं. शेवटी ठळक अक्षरांत: 'स्वतःचा जीव धोक्यात घालून जखमी मित्राला एकटं न सोडता पूर्ण दिवस त्याच्याजवळ थांबले.' हे वाचून मला हायसं वाटलं. या ओळीवर टाळी होती. वाक्य कुठं तोडायचं हेसुद्धा मी पेन्सिलीनं खूण करून ठेवलं. इतक्या वर्षांची खोड, ती अशी जात नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी एसटीनं निघालो. न्हावरा, पारगाव, चौफुला. उसाचे दिवस होते. दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून रस्ताभर पसरले होते आणि आमची बस त्यांच्या मागं बैलगाडीच्या चालीनं चालली होती. चौफुल्याला गाडी बदलली. गुडघा ठणकत होता. मध्येच वाटलं, इथूनच मागं फिरावं, तब्येत बिघडली म्हणून कळवावं. आधी एकदा ताप आणलाच होता. पण मागं जायची गाडी फलाटाला नव्हती आणि दौंडची समोर उभी होती, म्हणून मी दौंडच्या गाडीत बसलो. यापेक्षा मोठं काही कारण नव्हतं.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये तो आधीच येऊन बसला होता. मला बघून उठला आणि पाया पडला. मी "असू दे, असू दे" म्हणत मागं सरलो. तिशी नुकती ओलांडलेली, पण कानशिलावर केस पांढरे. चहा आला. त्यानं कप दोन्ही तळव्यांत दाबून उचलला, आणि मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचू लागलो. प्राचार्य हॉलची व्यवस्था बघायला गेले, तशी त्यानं खुर्ची जवळ ओढली.

"सर, एक इचारायचं व्हतं. म्हणूनच तुम्हाला एवढा त्रास दिला."

"बोल ना."

"तुम्हाला माझा कागद आला आसंल. मी मित्राजवळ दिवसभर थांबलो, ते लिव्हलंय त्यात."

"हो. फार मोठी गोष्ट आहे ती."

"न्हाई सर," तो म्हणाला. "तीच चूक हाय."

मग त्यानं सांगितलं. उतरताना मित्राचा पाय मांडीत मोडला. दोघांचा तंबू वर, बाकीची टीम खालच्या कॅम्पवर. वॉकी-टॉकी थंडीनं बंद पडलेला. सकाळी हवा एकदम स्वच्छ होती. मित्र म्हणाला, तू खाली जा आणि माणसं घेऊन ये.

"बरोबरच म्हणत व्हता. ट्रेनिंगमध्ये तेच शिकवत्यात. पण मी न्हाई गेलो."

"का?" मी विचारलं. उत्तर काय येणार हे मला समजलं होतं, तरी विचारलं.

"तुमचं वाक्य डोक्यात बसलं व्हतं, सर. एकट्यानं उतरायचं म्हणलं की तेच ऐकू यायचं. मागं याला काय झालं तर याच्या आप्पांना काय सांगू, गावाला तोंड कसं दाखवू? म्हणून बसून राह्यलो. माझे हातमोजे त्याच्या पायाला चढवले. दुपारनं हवा बिघडली आन् मग निघायचं म्हणलं तरी निघता येईना. बोटं त्याच दिवशी गेली."

बाहेर कुणीतरी माईक तपासत होतं. हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन.

"दुसऱ्या सकाळी तो चिडला. म्हणला, काय धरून बसलास येड्या? मी म्हणलं, सर काय म्हणलेत आठव. तर हसाया लागला. ओठ फुटलेले, रगत येत व्हतं, तरी हसत व्हता. म्हणला, 'आरं, ते सर टाळ्यांसाठी बोलत्यात. त्यांनाच फोन लावून इचारलं तर तेबी म्हणतील, निघ म्हणून. निघ आता.' मंग मी निघालो. माणसं वर पोचली तवा तो गेलेला व्हता."

समोरचा चहा निवला होता.

"आदल्या दिवशी निघाला असतास तर?" शेवटी मी विचारलं. नको विचारायला होतं.

"कुणी सांगावं सर. डॉक्टर म्हणले, सांगता येत न्हाई. मी रोज इचारतो सोताला." तो हातांकडे बघत होता. "आन् लोक बरोब्बर त्याच जागेला टाळ्या वाजवत्यात. मित्राला सोडलं न्हाई म्हणून. जाईल तिथं. मी आप्पांना अजून त्वांड दाखवलं न्हाई. ते पुण्याला दवाखान्यात मला बघाया आलते, तर मी डोळं झाकून झोपल्याचं सोंग केलं. घंटाभर बसून गेले बिचारे. आज ते समोर बसणार हायत. त्यांना खरं सांगायचंय, पण खरं सांगायचं म्हणलं की तुमचं नाव येतंय. तुम्हाला न इचारता कसं सांगू? तुम्ही नको म्हणला तर न्हाई सांगत. नेहमीचंच बोलतो आन् जातो."

सबंध आयुष्यात मला इतक्या मानानं कुणी कोंडीत पकडलेलं नाही. त्याला माझ्यावर आरोप करायचा नव्हता. तो माझी परवानगी मागत होता. त्या परवानगीसाठी पाच वर्षं थांबला होता, जसा तंबूत थांबला तसाच.

मला त्या क्षणी पश्चात्ताप वगैरे झाला असं लिहिलं तर ते शोभेल. पण आधी मनात आलं ते वेगळंच. हॉलमध्ये शिरूरची चार माणसं असतील, प्राचार्य माझा विद्यार्थी, आणि उद्या सगळीकडे होणार, की सरांच्या वाक्यापायी पोरगं गेलं. या वयात ही शोभा कशाला? माझ्या तोंडाशी 'नेहमीचंच बोल' एवढे शब्द आले होते. तेवढ्यात प्राचार्य आत आले आणि "चला सर, वेळ झाली" म्हणाले. तो उठला. उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी चष्मा पुसत पुढे झालो.

हॉल पोरांनी भरला होता. पहिल्या रांगेत कडेला एक म्हातारा माणूस बसला होता, पांढरा शर्ट इस्त्री केलेला, पायात चपला नव्या. मित्राचा बाप तो हाच, कुणी सांगायची गरज नव्हती. तोंडाची मिस्कील ठेवण त्या पोराचीच, फक्त तो हसत नव्हता. आयोजकांनी त्याचंही नाव सत्काराच्या यादीत घातलं होतं, प्राध्यापक आणि देणगीदार यांच्यामध्ये. ते कशाबद्दल, हे आयोजकांनाही सांगता आलं नसतं. आमच्याकडे समोर आलेल्या माणसाला शाल न देता सोडत नाहीत.

दीपप्रज्वलन झालं, प्रतिमांना हार घातले, सत्कार सुरू झाले. प्रमुख वक्त्यांना शाल दिली आणि मग हातात नारळ ठेवला. त्या चार बोटांच्या दोन हातांत तो काही नीट बसेना. फोटोवाला "सर, इकडे बघा" म्हणत होता आणि नारळ घसरत चालला होता. मी शेजारीच होतो. शालीखालून हात घालून मी नारळ धरला. फोटो निघेपर्यंत आम्ही दोघं तसे उभे राहिलो. त्याच्या तळव्याची कातडी माझ्या हाताला लागत होती. गुळगुळीत, थंड. अंड्याची पिशवी त्यानं मनगटात का अडकवली होती, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

म्हाताऱ्याचं नाव पुकारलं तेव्हा तो जागचा उठला नाही. हातानंच नको म्हणाला. सूत्रसंचालकानं दोनदा पुकारलं आणि पुढच्या नावावर गेला.

मग मला बोलावलं. मी माईकपाशी गेलो, कागद काढला. पेन्सिलीची खूण दिसत होती. समोर म्हातारा, उजवीकडे खुर्चीत हा, खाली बघत. मी कागदाची घडी केली. ठरवून केली असं म्हणवत नाही. मला फार थकल्यासारखं वाटत होतं. ते सगळं पुन्हा एकदा म्हणायचं, गरीब कुटुंब, प्रतिकूल परिस्थिती, मात, खुणेच्या जागी थांबायचं, टाळी घ्यायची, हे माझ्यानं होणार नव्हतं.

मी जे बोललो ते जवळजवळ शब्दशः आठवतं, कारण ते फार थोडं होतं. मी म्हणालो, "पाच वर्षांपूर्वी शिरूरला मी यांना आणि यांच्या मित्राला निरोप दिला. तेव्हा मी म्हणालो, एकट्यानं परत येणाऱ्यानं गावाला तोंड दाखवू नये. मला डोंगरातलं काही कळत नव्हतं. ते वाक्य मी टाळ्यांसाठी बोललो. मला टाळ्या मिळाल्या. यांनी मात्र ते खरं धरलं आणि त्याची किंमत दोघांनी दिली. ती कशी, हे ते सांगतील. त्यात माझं नाव येईल. ते त्यांनी जरूर घ्यावं. ते वाक्य मी आज परत घेतो. हा परिचय संपला."

मी खुर्चीत येऊन बसलो. हॉलमध्ये कुणाला काय करावं कळेना. मागं एकानं सवयीनं एक टाळी वाजवली आणि लगेच थांबला. प्राचार्य माझ्याकडे बघत होते. बहुधा मी आजारी आहे असं त्यांना वाटलं असावं.

तो उठला. फार बोलला नाही. पोरांना शिखराची गोष्ट हवी होती, ती त्यानं सांगितलीच नाही. पहिल्या रांगेकडे तोंड करून त्यानं मघाशी केबिनमध्ये सांगितलं ते सगळं सांगितलं. सकाळची स्वच्छ हवा, मित्राचं जा म्हणणं, आपलं न जाणं. दुसऱ्या सकाळचं मित्राचं वाक्यही त्यानं तसंच्या तसं सांगितलं, 'ते सर टाळ्यांसाठी बोलत्यात' यासकट. मागच्या बाजूला काही पोरं खुदकन हसली. मी मान खाली घातली नाही. ते वाक्य हसण्यासारखंच होतं. सांगणाऱ्यानं ते मरताना हसवायलाच सांगितलं होतं.

"मी एक दिवस उशीर केला, आप्पा," तो शेवटी म्हणाला. "लोक त्याला थांबणं म्हणत्यात. तो उशीर व्हता." आणि खाली बसला.

आभारप्रदर्शन कसंबसं उरकलं. पोरं सेल्फी काढायला स्टेजवर चढली, पण त्याच्या तोंडाकडे बघून मागं फिरली. हॉल रिकामा होऊ लागला तरी म्हातारा जागेवर बसून होता. आम्ही दोघं खाली उतरलो. जिना मला सोसत नव्हता, त्यानं माझ्या काखेत हात घातला. असे एकमेकांना धरून आम्ही म्हाताऱ्यापुढे जाऊन उभे राहिलो. काय बोलायचं, कुणी बोलायचं, काही ठरलेलं नव्हतं.

म्हातारा उठला. "जय भीम, सर," मला म्हणाला. मग त्यानं पोराचे दोन्ही हात हातात घेतले आणि उलटेपालटे करून बघितले. रूळ बघणाऱ्याची नजर, कुठं काय तुटलंय ते सगळं नीट बघून घेतलं.

"मरताना हसला म्हंतोस?"

"व्हय, आप्पा."

"मला कुणी सांगितलंच न्हाई," तो म्हणाला. "पाच वरसं झाली. मला वाटायचं, रडत गेला आसंल."

पोरगा रडायला लागला. म्हाताऱ्यानं त्याचे हात सोडले नाहीत. मला तिथं थांबणं जड झालं. मी म्हणालो, "आप्पा, चूक माझी. मी ते वाक्य बोललो नसतो तर..."

"त्या दिशी शिरूरला मी बी आल्तो, सर. पार मागं बसल्तो." तो माझ्याकडे वळला. "पयली टाळी मीच वाजवली व्हती."

मी चष्मा काढून हातात धरला.

"तुम्ही 'परत या' म्हणलात न्हवं? समदे नुसते जा, जा म्हणत व्हते. तेवढ्यासाठीच वाजवली व्हती."

मग त्यानं पोराला विचारलं, जेवलास का, आणि आम्हा दोघांना पुढे घालून घराकडे घेऊन गेला.